शेळी कोणाची, नाव कोणाचं? ढोरांच्या दवाखान्याची गोष्ट

मैत्रिणींनो, धारा काढून झाल्या असतील, चूल निवली असेल, तर बसा दोन घटका.

आज आम्ही ढोरांच्या डॉक्टरांची गोष्ट सांगणार आहोत. बायकांच्या कार्यक्रमात ही कसली गोष्ट, असं कोणी म्हणेल. पण ती आम्हाला सुचली तीच मुळी बायकांच्या गर्दीत. सिन्नर तालुक्यातल्या एका वाडीवर शेळ्यांना लस द्यायचा दिवस होता. पारापाशी टेबल मांडलेलं. शेळ्या धरून उभ्या होत्या त्या बहुतेक बायका आणि शाळकरी पोरी. टेबलाशी बसलेला मुलगा वहीत नोंद घेत होता. समोर आलेल्या प्रत्येकीला तो एकच विचारायचा, "मालकाचं नाव?"

आता आपल्याकडे मालक म्हणजे कोण, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. एका आजींनी तर पदर तोंडाला लावला आणि मान फिरवली. नाव घ्यायचं कसं? शेवटी शेजारणीनं त्यांच्या कारभाऱ्यांचं नाव सांगितलं. दुपारपर्यंत वहीची चार पानं भरली. त्यात एकाही बाईचं नाव नव्हतं.

त्या मुलाचा दोष नाही. त्यानं जनावराचा मालक विचारला, बायकांनी आपला मालक सांगितला. पण मग गंमत झाली. लस द्यायला आलेल्या डॉक्टरताईंना एक शेळी मलूल दिसली. तिच्या 'मालकाला' त्यांनी विचारलं, "भाऊ, ही कधीपासून रवंथ करत नाही? लेंडी कशी पडते?" भाऊंनी बायकोकडे बघितलं. तिनं सगळं सांगितलं. कालपासून कोवळा पाला खात नाही, लेंडी पातळ आहे, पिलाला पाजताना पाय झाडते. डॉक्टरताई म्हणाल्या, "मला असंच सांगणारं माणूस हवं असतं."

तेव्हापासून आमच्या डोक्यात घोळत होतं, की हा ढोरांचा डॉक्टर आला कुठून, आणि तो गोठ्यातल्या बाईपर्यंत पोचायला त्याला एवढा वेळ का लागला?

शोधत गेलो तर पहिली गाठ पडली घोड्याशी. घोड्यांच्या वैद्यकाचं आपल्याकडचं जुनं नाव शालिहोत्र. फौजेतल्या घोड्यांच्या वैद्याला त्यावरूनच सालोत्री म्हणायचे. जगातली पहिली पशुवैद्यकाची शाळा १७६१ साली फ्रान्समध्ये लिऑन शहरात मंजूर झाली. ती काढणारा क्लोद बुर्जेला हा घोड्यांचाच जाणकार. आपल्याकडे इंग्रजांनी १८६२ साली पुण्यात अशी शाळा काढली ती लष्करासाठी. घोडा आजारी पडला तर स्वार पायी आणि तोफ जागेवर. म्हणून राज्य करणाऱ्याला आधी घोड्याचा डॉक्टर हवा होता. गायी-म्हशींचं, शेळ्यांचं काय व्हायचं ते घरच्या घरी.

घरच्या घरी म्हणजे आपल्याकडे. गाय अडली की रात्रभर कंदील घेऊन बसायची ती आजी. वार पडली का नाही हे बघायची तीच. पोट फुगलं की तेल पाजायचं, जखमेत किडे पडले की सीताफळाचा पाला वाटून लावायचा, हे तिला ठाऊक. या ज्ञानाला कोणी ज्ञान म्हटलं नाही, हे खरंच. पण सगळंच चांगलं होतं असंही आम्ही म्हणणार नाही. तापलेल्या सळईनं डाग देणं, अडकलेली वार हातानं ओढून काढणं, यानं जनावरं हकनाक गेली आहेत. आमच्याच घरांत गेली आहेत.

आणि मग यायचा बुळकांड्या. तरुण मुलींनी हे नाव ऐकलंही नसेल. ऐंशीच्या पुढच्या एखाद्या आजीला विचारा. अंगात ताप, डोळ्या-नाकातून पाणी, तोंडात फोड, आणि मग हगवण. आठ-दहा दिवसांत जनावर आडवं. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात, एका गावातून पुढच्या गावात. साथ आली की मरीआईला साकडं घालायचं, दुसरं हातात काही नव्हतं. बैल मेला की नांगर थांबला, नांगर थांबला की सावकाराचं दार. बायकांच्या अंगावरचे डाग गहाण पडले ते अशाही वर्षांत.

सरकारनं या साथींची चौकशी करायला एक आयोग नेमला, त्याचा अहवाल १८७१ साली आला. पुढे ९ डिसेंबर १८८९ ला पुण्यात जनावरांच्या रोगांची प्रयोगशाळा निघाली. रोगाचे जंतू घेऊन काम, तेही भर वस्तीत, म्हणून १८९३ साली ती लांब हिमालयात, कुमाऊँच्या डोंगरात मुक्तेश्वरला नेली. आजच्या भारतीय पशुवैद्यक संशोधन संस्थेचं मूळ ते हेच. म्हणजे आपल्या पुण्यातून निघालेलं रोप.

आता पुढचा भाग आम्हाला फार आवडतो. १९२० च्या दशकात मुक्तेश्वरला जे. टी. एडवर्ड्स नावाच्या शास्त्रज्ञानं बुळकांड्याचा विषाणू शेळीच्या अंगात घातला. तिच्या अंगातून दुसऱ्या शेळीत, तिथून तिसऱ्या शेळीत. असं पुन्हा पुन्हा करत गेल्यावर त्या विषाणूचा गाईसाठीचा जोर कमी झाला. रोग होईना, पण रोगाशी लढायची ताकद मात्र यायला लागली. त्यातून लस तयार झाली. स्वातंत्र्यानंतर १९५४ साली देशभर मोहीम सुरू झाली. लस टोचणारे गावोगाव हिंडले, पायी, सायकलवर, बैलगाडीतून. पुढे याहून चांगल्या लशीही आल्या. भारतात बुळकांड्याची शेवटची लागण १९९५ साली दिसली. २०११ साली तो सगळ्या जगातूनच गेल्याचं जाहीर झालं. माणसांच्या देवीनंतर पृथ्वीवरून पुसला गेलेला हा दुसराच रोग. शेळीच्या जिवावर गाय वाचली, असं आम्ही आपलं म्हणतो.

पण शेळीचं काय? तिच्याकडे आम्ही परत येऊच. आधी मुंबईला जाऊन येऊ, कारण कुत्र्या-मांजरांची गोष्ट तिथे सुरू होते.

१८३२ साली मुंबईत कुत्र्यांवरून दंगल झाली होती, हे तुम्हाला ठाऊक आहे? सरकारनं मोकाट कुत्री मारायचा हुकूम काढला. मारणाऱ्यांना प्रत्येक कुत्र्यामागे पैसे मिळायचे, मग ते घराघरातून कुत्री ओढायला लागले. पारशी समाजात कुत्र्याला मोठा मान. त्यांनी बाजार बंद पाडला, त्यांच्याबरोबर हिंदू, जैन, मुसलमानही उभे राहिले. शेवटी कुत्री मारण्याऐवजी शहराबाहेर न्यायचं ठरलं.

त्यानंतर काही वर्षांनी, १८७४ साली, मुंबईत जनावरांचा छळ थांबवणारी संस्था निघाली. तिच्या दवाखान्यासाठी गिरणीमालक सर दिनशा माणेकजी पेटिट यांनी परळची जागा आणि पैसा दिला. दवाखान्याला नाव दिलं त्यांच्या पत्नीचं: बाई साकरबाई दिनशा पेटिट जनावरांचं रुग्णालय. ते आजही आहे. त्याच आवारात १८८६ साली मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. पहिले प्राचार्य जे. एच. स्टील, तेही लष्करातले पशुवैद्य.

दवाखान्याच्या पाटीवर बाईचं नाव आणि शिकायला येणारे सगळे पुरुष. कारण उघड होतं. घोडा आवरायचा, बैल पाडायचा, हे काय बायकांचं काम? म्हैस रोज आपण बांधतो, सोडतो, तिची लाथ खातो, तेव्हा हे कोणाला आठवत नाही.

आणि हे आपल्याच देशात नव्हतं बरं. आयर्लंडमध्ये जन्मलेली ॲलिन कस्ट नावाची एक मुलगी. तिनं स्कॉटलंडमध्ये पशुवैद्यकाचं शिक्षण घेतलं, १९०० साली पूर्ण केलं, अभ्यासात हुशार. घरच्यांना लाज वाटू नये म्हणून नाव बदलून शिकली. पण बाई आहे म्हणून तिथल्या पशुवैद्यांच्या परिषदेनं तिला परीक्षेलाच बसू दिलं नाही. मग ती आयर्लंडमध्ये खेड्यांतून घोड्यावर बसून जनावरं तपासत हिंडली. लोक तिला डॉक्टर मानत होते, कागद मानत नव्हता. कायदा बदलला, आणि डिसेंबर १९२२ मध्ये तिला रीतसर पदवी मिळाली. बावीस वर्षांनी! आपल्या देशात पहिली महिला पशुवैद्य म्हणून डॉ. सक्कूबाई रामचंद्रन यांचं नाव घेतात. त्या १९५२ साली मद्रासच्या महाविद्यालयातून बाहेर पडल्या. मुंबई काय, मद्रास काय, आज पशुवैद्यकाच्या वर्गांत मुली भरपूर दिसतात. वाडीवर आलेल्या त्या डॉक्टरताई त्यांतल्याच एक.

त्यांचा एक दिवस आम्ही सोबत राहून बघितला. नाव सांगू नका म्हणाल्या, म्हणून डॉक्टरताईच म्हणू.

सकाळी त्या नाशिक शहरात कुत्र्या-मांजरांचा दवाखाना बघतात. पहिला आला एक जाडजूड कुत्रा. मालकीणबाई म्हणाल्या, "काही खात नाही हो." ताईंनी विचारलं, "चहा-बिस्कीट?" "ते खातो." "चपाती-तूप?" "ते पण." मग एक मांजर, अंगात ताप म्हणून घरच्यांनी माणसाची तापाची गोळी दिलेली. ताईंचा चेहराच उतरला. पॅरासिटामॉलची एक गोळीसुद्धा मांजराचा जीव घेते, हे फार थोड्यांना माहीत असतं. त्या दिवशी ते मांजर वाचलं, पण सलाईनवर तीन दिवस काढून.

आणखी एक ऐका. नाशिकचं नाव द्राक्षं आणि कांद्यानं झालं. या दोन्ही गोष्टी कुत्र्याला विष. द्राक्षं आणि बेदाणे त्याची किडनी बिघडवतात, कांदा त्याचं रक्त नासवतो. बागेवर राखणीला कुत्रा असतो, गळालेले मणी तो खातो, कांद्याच्या भाजीचं उरलेलं आपण त्याच्यापुढे टाकतो. आम्हीही टाकायचो. कुत्रा सुस्त पडला की म्हणायचो, म्हातारा झाला.

दुपारी दिंडोरीकडे एक म्हैस अडली होती. ताईंनी खांद्यापर्यंत हात घालून वासराचा मागे वळलेला पाय सरळ केला. दीड तास. म्हशीच्या डोक्याशी घरातली सासूबाई बसून होती, तिच्या कपाळावरून हात फिरवत, तिच्याशी बोलत. बाहेर बाप्ये उभे होते आणि त्यांतला एक म्हणत होता, "लेडीज डॉक्टरला जमंल का?" वासरू बाहेर आलं तेव्हा तो पाणी तापवायला धावला, हेही सांगायला हवं.

रात्री त्यांच्या घरी गेलो. ओसरीवर एक तीन पायांचं मांजर, एक आंधळी कुत्री आणि कोणीतरी तपासायला म्हणून आणलेलं आणि न्यायला परत न आलेलं एक पिल्लू. सासूबाई कुरकुरत होत्या, "हिचा दवाखाना घरी पण उघडाच." आणि कुरकुरतच त्या आंधळीला भाकरी कुस्करून घालत होत्या. ताईंचा हात दिवसभराच्या ओढाओढीनं दुखत होता. दहा वाजता फोन वाजला, कोणाची तरी गाय खाली बसली होती. ताई उठल्या.

जेवताना आम्ही विचारलं, भीती कशाची वाटते? त्या म्हणाल्या, "पिसाळलेल्या कुत्र्याची." त्यामुळे थोडं त्याबद्दल. १८८५ साली फ्रान्समध्ये लुई पाश्चर यांनी जोसेफ माइस्टर नावाच्या नऊ वर्षांच्या मुलाला रेबीजची पहिली लस दिली, आणि तो वाचला. आपल्याकडे कसौलीला १९०० साली पाश्चर संस्था निघाली. तिथे डेव्हिड सेंपल यांनी १९११ साली मेंढीच्या मेंदूपासून लस केली. पोटात चौदा इंजेक्शनं म्हणतात ती हीच. तिच्या धाकानं किती जणींनी पोराला कुत्रा चावल्याचं लपवलं असेल! आता ती लस बंद झाली आहे. आता दंडात थोडीशी इंजेक्शनं असतात, सरकारी दवाखान्यात फुकट. चावलं की लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून पंधरा मिनिटं धुवायचं, आणि तसंच दवाखान्यात जायचं. चुना, मिरची, हळद काही लावायचं नाही. अंगाऱ्या-धुपाऱ्यासाठी थांबायचं नाही, कारण रोग एकदा दिसायला लागला की माणूस वाचत नाही. दारच्या कुत्र्याला दर वर्षी लस टोचा. आपल्या घरात त्याच्याजवळ सगळ्यात जास्त कोण असतं? आपण आणि आपली पोरं.

आता शेळीकडे येऊ.

आपल्या भागातली शेळी संगमनेरी. नाशिक, अहिल्यानगर, पुणे या पट्ट्यातली. शेळीला गरिबाची गाय म्हणतात. आम्ही म्हणतो, बाईची बँक. पोराची फी, अचानक आलेलं दुखणं, माहेरचं लग्न, शेळी विकून निभावतं. पण सरकारी दवाखान्यात मान होता गाई-बैलांना. १९६७ साली उरुळीकांचनला मणिभाई देसाईंनी बाएफ संस्था सुरू केली. गाईचं रेतन करणारा माणूस दारापर्यंत यायला लागला, त्यानं दुधाचं चित्र बदललं. पण शेळीसाठी कोण येणार? एका शेळीसाठी गाडी काढून येणं परवडत नाही, असं तोंडावर सांगितलेलं आमच्यातल्या एकीनं ऐकलं आहे.

बुळकांड्याचाच एक भाऊबंद आहे, शेळ्या-मेंढ्यांचा. डॉक्टर त्याला पीपीआर म्हणतात, साधं नाव शेळ्यांचा प्लेग. भारतात तो पहिल्यांदा ओळखला गेला १९८७ साली, तामिळनाडूत. आमच्यातल्या एकीच्या सात शेळ्या एका आठवड्यात गेल्या, त्या यानंच. नाक वाहिलं, तोंड आलं, हगवण लागली. बोलावलेला माणूस आला चौथ्या दिवशी. तोपर्यंत दोन उरल्या होत्या. ती म्हणते, "नवऱ्यानं मला विचारलं, तू काय करत होतीस? मी काय करत होते! सात जणींना रात्रंदिवस पाणी पाजत होते." या रोगाचीही लस आहे, आपल्याच मुक्तेश्वरच्या संस्थेनं केलेली. एकदा टोचली की तीन वर्षं बघायला नको. ज्या शेळीच्या अंगातून गाईची लस निघाली, तिच्या स्वतःच्या लशीला पाऊणशे वर्षं लागली.

मग बायकांनीच वाट काढली. साताऱ्याकडे म्हसवडला माणदेशी फाउंडेशननं खेड्यातल्या बायकांना शेळ्यांच्या डॉक्टर म्हणून तयार केलं. गाडीवर पेटी लावून त्या वाडी-वस्तीवर जातात, शेळ्यांचं रेतनही करतात. लोक आधी हसले. राज्यभर 'उमेद' अभियानात पशुसखी आल्या. जंताचं औषध, खुरं कापणं, गोठ्याची स्वच्छता, लशीची तारीख लक्षात ठेवणं, ही त्यांची कामं. मोठा आजार असेल तर डॉक्टरांना फोन. आणि आपल्या सिन्नरमध्ये युवा मित्र संस्थेच्या मदतीनं बायकांनी सावित्रीबाई फुल्यांच्या नावानं शेळीपालनाची कंपनीच उभी केली. शेळीचं दूध गोळा होतं, विकलं जातं. पूर्वी ते पोरांच्या वाटीत जायचं, नाहीतर फुकट.

पशुसखी म्हणजे डॉक्टर नव्हे, हे डॉक्टरताई पुन्हा पुन्हा सांगतात. आम्हाला ते पटतं. प्रतिजैविकाचं इंजेक्शन ज्यानं-त्यानं टोचायचं नसतं. पण दुसरी गोष्टही त्यांनीच सांगितली. २०२२ साली लंपी आला, ऑगस्टमध्ये जळगाव जिल्ह्यात दिसला आणि पाठोपाठ राज्यभर पसरला. तेव्हा गाईंना जी लस टोचली ती शेळ्यांच्या देवीची. पुन्हा शेळीच! त्या दिवसांत कोणत्या गोठ्यात गाठी दिसल्या ही खबर त्यांना सगळ्यात आधी मिळायची ती बायकांकडून. धार काढताना हात कासेवरून फिरतो, गाठ हाताला लागते. वहीतल्या मालकाला ती दोन दिवसांनी दिसते.

वहीवरून आठवलं. या देशात जनावरांची मोजणी १९१९ सालापासून होते. साधारण दर पाच वर्षांनी माणसं दारात येतात, गाई किती, म्हशी किती, शेळ्या, कोंबड्या, कुत्री किती, सगळं लिहून नेतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये एकविसावी गणना सुरू झाली. त्यात एक नवा प्रश्न आला: या घरात जनावरांच्या कामात जास्तीत जास्त वेळ कोण घालवतं, बाई की पुरुष? एकशे पाच वर्षं लागली हे विचारायला.

आमच्या एका मैत्रिणीच्या दारात तो माणूस आला तेव्हा ती शेण भरत होती. कारभारी खाटेवर बसून उत्तरं देत होते. हा प्रश्न आला तेव्हा ते म्हणाले, "लिहा माझं." ती पाटी खाली ठेवून पुढे आली आणि म्हणाली, "थांबा भाऊ. आमची तांबडी किती महिन्यांची गाभण आहे, ते यांना विचारा. सांगितलं तर यांचं नाव लिहा."

भाऊंनी लिहिलं 'बाई'. कारभारी दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी तांबडी व्याली.

वाडीवरच्या वहीचंही सांगतो. पुढच्या लसीकरणाला आम्ही टेबलाशी आमच्यातलीच एक पोरगी बसवली. 'मालकाचं नाव' हे शब्द खोडून तिनं वर लिहिलं, 'शेळी सांभाळणाऱ्याचं नाव'. त्याच आजी पुन्हा रांगेत होत्या. नाव विचारल्यावर त्यांनी इकडे तिकडे बघितलं, मग स्वतःचं सांगितलं. वडिलांचं नाव लावून, माहेरचं आडनाव. म्हणाल्या, "ही शेळी माझ्या भावानं दिली आहे."

पुढच्या बुधवारी लाळ्या-खुरकुताच्या लशीबद्दल बोलू. तोपर्यंत आपापल्या गटात एवढं करा, कोणाच्या जनावराला कोणती लस कधी दिली ते वहीत लिहून ठेवा, आणि कोंबड्यांना मानमोडीची लस दिली नसेल तर पशुसखीला निरोप पाठवा. नमस्कार.